मधुमेहातली संसर्ग झालेली जखम आणि नॅनोतंतूंचं ड्रेसिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायाची जखम भरत नाही, तिच्यात पू झालाय, साखर आटोक्यात नाही, आणि कुठून तरी ‘नॅनोफायबर ड्रेसिंग’चं, म्हणजे अतिशय बारीक तंतूंच्या जाळीपासून बनवलेल्या पट्टीचं, नाव कानावर आलंय. अशा रुग्णांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे तंत्रज्ञान खरं आहे आणि त्याच्याकडून आशा ठेवायला जागा आहे. पण संसर्ग झालेल्या मधुमेही जखमेत ड्रेसिंगची पाळी शेवटी येते. आधीची कामं राहिली, तर कितीही प्रगत पट्टी लावली तरी पाय वाचत नाही.

मधुमेहात जखम इतकी का रेंगाळते?

कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांना बळ देतात. नसांवर परिणाम झाल्यामुळे तळवा बधिर होतो, त्यामुळे बूट चावला किंवा खडा टोचला तरी कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर जखमेपर्यंत प्राणवायू, पांढऱ्या पेशी आणि पोटात घेतलेलं औषध यांतलं काहीच पुरेसं पोहोचत नाही. साखर जास्त असेल तर ज्या पांढऱ्या पेशी पोहोचतात त्याही मंदावतात.

खुद्द जखमेच्या आतही गोष्टी अडकून बसतात. निरोगी माणसात मॅक्रोफेज नावाच्या पेशी सुरुवातीला जंतूंशी लढतात आणि काही दिवसांनी दुरुस्तीच्या कामाला लागतात. मधुमेहात हा पालट नीट होत नाही, दाह चालूच राहतो. मग एमएमपी-९ सारखी प्रथिनं तोडणारी विकरं जखमेत साठतात आणि नव्याने तयार होणारं कोलॅजन आणि पेशींना वाढीचे संदेश देणारी प्रथिनं तोडून टाकतात. शरीर दुरुस्ती करतं आणि तीच दुरुस्ती पुन्हा मोडली जाते. प्रगत ड्रेसिंगवरचं बरंचसं संशोधन हे चक्र तोडण्यासाठी आहे.

जखमेत संसर्ग झालाय हे कसं ओळखायचं?

संसर्गाचं निदान डोळ्यांनी आणि हातांनी होतं, फक्त लॅबच्या रिपोर्टवरून नाही. जखमेभोवती अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त लाली, सूज, गरमपणा, दुखणं किंवा हात लावल्यावर कळ, आणि पू यांपैकी किमान दोन गोष्टी असतील तर संसर्ग धरला जातो. लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटर किंवा त्याहून पुढे गेली, किंवा संसर्ग त्वचेखालच्या खोल थरांत उतरला, तर तो मध्यम प्रकारचा. सोबत ताप, थंडी, धाप किंवा वाढलेली नाडी असेल तर तो गंभीर प्रकार असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं.

“दुखत नाही, म्हणजे फार काही नसेल” या समजुतीपायी अनेकांचे पाय गेले आहेत. बधिर पायात आतून पू झाला तरी दुखत नाही. कारण न कळता साखर अचानक चढली, जखमेला वास येऊ लागला किंवा तिचा रंग काळपट झाला, तर वेदनेची वाट पाहू नका.

जखमेच्या पृष्ठभागावर नुसता बोळा फिरवून केलेल्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) त्वचेवर एरवीही असणारे जंतू सापडतात. जखम साफ केल्यावर तळातला उतीचा छोटा तुकडा तपासणीला दिला तर मिळणारं उत्तर जास्त भरवशाचं असतं.

बायोफिल्म म्हणजे काय? डॉक्टर त्याबद्दल सारखे बोलतात.

जंतू जखमेत सुटे सुटे फिरत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास यांसारखे जंतू एकत्र येतात आणि स्वतःभोवती साखरी पदार्थ, प्रथिनं व डीएनए यांचा बुळबुळीत थर तयार करतात, ओल्या दगडावर धरलेल्या शेवाळासारखा. या थरात औषध मुश्किलीने शिरतं. शिवाय आतले बरेच जंतू सुस्तावलेले असतात, आणि अनेक प्रतिजैविकं वाढणाऱ्या जंतूंवरच चांगली चालतात. म्हणून प्रयोगशाळेत ज्या औषधाने जंतू मरतो, तेच औषध जखमेत हरतं.

बायोफिल्म खरवडून काढली तरी ती दोन-तीन दिवसांत पुन्हा धरू लागते. साफसफाईनंतरचा हा थोडा काळ फार मोलाचा आहे, कारण तेव्हा जंतू उघडे असतात. जंतुनाशक नॅनोतंतूंचं ड्रेसिंग उपयोगी पडायचं असेल तर ते याच काळात. बायोफिल्म तशीच ठेवून वर कितीही महागडं ड्रेसिंग लावलं, तर औषध थरावरच अडकतं.

नॅनोतंतू किती बारीक असतात, आणि बारीक असण्याचा फायदा काय?

साधारण ५० ते १००० नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ८० हजार नॅनोमीटर धरली, तर अनेक नॅनोतंतू केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असतात.

खरा मुद्दा असा, की आपल्या उतींमधलं कोलॅजनही तंतुमयच असतं आणि त्याच्या तंतुकांची जाडीही याच पट्ट्यात येते. त्यामुळे पेशींना नॅनोतंतूंची जाळी ओळखीच्या जमिनीसारखी मिळते. त्या तिला धरतात, तिच्यावर पसरतात, तंतूंच्या दिशेने सरकतात. कापसाच्या जाळीदार पट्टीत, म्हणजे गॉजमध्ये, हे होत नाही. उलट गॉज वाळून चिकटतो आणि काढताना नवी कातडी घेऊन येतो.

दुसरा फायदा पृष्ठभागाचा. वजनाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड असल्यामुळे थोड्या साहित्यावर बरंच औषध बसतं. जाळीतून बाष्प आणि हवा जाते, पण छिद्रं बारीक असल्याने बाहेरच्या जंतूंना वाट मिळणं अवघड होतं. जखम ओलसर राहते आणि तरी तुंबत नाही. ओलसरपणाचं महत्त्व १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं: झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर कातडी उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने आली.

तोटाही सांगायला हवा. छिद्रं फारच बारीक असतील तर पेशी जाळीच्या आत शिरू शकत नाहीत, वरच राहतात. पेशी १० ते २० मायक्रोमीटरच्या, म्हणजे १० ते २० हजार नॅनोमीटरच्या असतात, आणि दाट विणीत त्यांना जागा मिळत नाही. म्हणून काही संशोधक जाड आणि बारीक तंतू मिसळून वीण सैल ठेवतात.

हे तंतू बनवतात कसे?

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग. पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, विरघळवून त्याचं दाट द्रावण सिरिंजमध्ये भरतात, सुईला साधारण १० ते ३० किलोव्होल्टचा दाब देतात आणि समोर काही सेंटिमीटरवर धातूची पट्टी किंवा फिरता ढोल ठेवतात. सुईच्या टोकाला थेंब विजेच्या ओढीने शंकूसारखा ताणला जातो आणि त्याच्या टोकातून धार सुटते. ही धार हवेत चाबकासारखी फिरत ताणली जाते, तेवढ्यात द्रावक उडून जातो आणि ढोलावर कोरडे तंतू साचत जातात. अंतोन फोर्महाल्स यांनी १९३४ मध्ये अशा तंतुनिर्मितीचं पेटंट घेतलं होतं, १९६० च्या दशकात जेफ्री टेलर यांनी त्या शंकूचं गणित मांडलं, पण वैद्यकीय वापराकडे जोमाने लक्ष गेलं ते १९९० च्या दशकानंतर.

ऐकायला सोपं वाटलं तरी हवेतली आर्द्रता बदलली की तंतूंची जाडी बदलते, द्रावण पातळ झालं की तंतूंऐवजी मणी पडतात. प्रयोगशाळेत हातभर जाळी सुंदर येणं आणि कारखान्यात हजारो एकसारखी ड्रेसिंगं निघणं यांत मोठं अंतर आहे.

कोणत्या पदार्थांपासून?

पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पीएलजीए यांसारखी कृत्रिम पॉलिमरं ताकद देतात आणि शरीरात हळूहळू विरघळतात. जिलेटिन, कोलॅजन, कायटोसान, रेशमातलं फायब्रॉइन, हायलुरोनिक आम्ल ही नैसर्गिक द्रव्यं पेशींना आवडतात, पण ओली झाली की लवकर ढेपाळतात. म्हणून बहुतेक वेळा दोन्हींचं मिश्रण असतं. कायटोसानमध्ये स्वतःचा थोडा जंतुरोधक गुणही आहे.

तंतूंमध्ये औषध कसं भरतात, आणि ते किती दिवस टिकतं?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे द्रावणातच औषध मिसळून तंतू ओढणं. त्यात एक खोट आहे: पृष्ठभागाजवळचं औषध पहिल्या काही तासांतच भसकन बाहेर पडतं आणि पुढच्या दिवसांसाठी फार थोडं उरतं. अर्धवट मात्रेत औषध दीर्घकाळ राहणं हे तर न लावण्यापेक्षाही वाईट, कारण जंतूंना प्रतिकार शिकायला तेवढं पुरतं.

यावर निघालेला चांगला उपाय म्हणजे गाभा आणि कवच असलेले तंतू. एकात एक बसवलेल्या दोन सुयांमधून दोन द्रावणं एकाच वेळी सोडली, की औषधाचा गाभा आणि त्याभोवती पॉलिमरचं कवच असा तंतू मिळतो. कवच जाड ठेवलं तर औषध हळू झिरपतं. कवचात एक औषध आणि गाभ्यात दुसरं असंही करता येतं, आणि मला या क्षेत्रातली सर्वांत अर्थपूर्ण कल्पना हीच वाटते. पहिल्या दिवसांत कवचातून जंतुनाशक, आणि संसर्ग ओसरल्यावर गाभ्यातून नव्या रक्तवाहिन्या व पेशी वाढवणारं द्रव्य. जखमेच्या गरजा ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने औषध.

जंतूंसाठी जेंटामायसिन, व्हँकोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी प्रतिजैविकं, चांदी किंवा झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, आणि जंतूंचं आवरण फोडणारे छोटे पेप्टाइड (प्रथिनांच्या तुकड्यांसारखे रेणू) भरून पाहिले गेले आहेत. वाढीसाठी ग्रोथ फॅक्टर वापरतात, पण ती नाजूक प्रथिनं असतात आणि तीव्र द्रावकात त्यांचं काम बिघडू शकतं. हळदीतलं कर्क्युमिनही बरंच तपासलं गेलंय. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तंतूंत अडकवलं की जखमेत उतरायला मदत होते. याचा अर्थ उघड्या जखमेत हळदपूड भरावी असा मुळीच नाही. पूड निर्जंतुक नसते आणि तिच्याखाली जखमेचा तळ दिसेनासा होतो.

चांदीचे नॅनोकण सुरक्षित आहेत का?

मात्रेवर अवलंबून आहे. चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांना आणि आवरणाला इजा करतात, पण जास्त प्रमाणात तेच आयन नवी कातडी बनवणाऱ्या पेशींनाही मारतात. म्हणून संसर्ग असताना थोड्या काळापुरती चांदी ठीक. जखम स्वच्छ, लालसर, दाणेदार दिसू लागल्यावरही महिनोन्महिने चांदीचंच ड्रेसिंग चालू असेल, तर डॉक्टरांना त्याचं कारण विचारा.

‘स्मार्ट’ ड्रेसिंग म्हणजे काय?

जखमेतला बदल ओळखून वागणारं ड्रेसिंग. निरोगी त्वचा आम्लधर्मी असते, तर चिघळलेल्या जुन्या जखमेचा सामू (पीएच) बहुधा ७ च्या वर जातो. त्यानुसार रंग बदलणारे किंवा औषध सोडणारे तंतू बनवता येतात. काही ड्रेसिंगं जंतूंच्याच विकरांनी उघडतात: स्टॅफिलोकॉकस हायलुरोनिक आम्ल तोडतो, म्हणून त्याच आम्लाच्या आड औषध ठेवायचं. काहींत ग्लुकोज ऑक्सिडेज असतं, जे जखमेतल्या साखरेचं ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, म्हणजे साखर कमी आणि जंतूंवर माराही. यातलं बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच आहे.

मग हे माणसांवर सिद्ध झालंय की नाही?

या प्रश्नाचं उत्तर सावकाश वाचा, कारण जाहिराती आणि बातम्या नेमक्या इथेच घाई करतात.

“१४ दिवसांत ९५ टक्के जखम भरली” अशा प्रकारची वाक्यं दिसली की पहिला प्रश्न विचारायचा: कोणाची? बहुतेक वेळा उंदराची. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, तो आकसून जखमेच्या कडा ओढून घेतो. माणसाच्या तळव्याची जखम तशी बंद होत नाही, तिला तळातून नवी उती भरत यावं लागतं आणि वरून कातडी सरकावी लागते. शिवाय उंदराला मधुमेह रसायन टोचून काही आठवड्यांपूर्वी केलेला असतो आणि जखम ताजी, गोल, पाठीवर कापलेली असते. माणसाची जखम वीस वर्षांच्या मधुमेहानंतरची, बंद होत आलेल्या रक्तवाहिन्यांची आणि रोज चालल्या जाणाऱ्या पायाची असते. चांगले संशोधक उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून हे आकसणं रोखतात. अहवालात ती कडी नसेल तर आकड्यांकडे सावधपणे बघा.

माणसांवरचा ठोस पुरावा कसा दिसतो, याचं उदाहरण दुसऱ्या एका ड्रेसिंगचं देता येईल. सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या ड्रेसिंगची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. नसा आणि रक्तपुरवठा दोन्ही बाधित असलेले, पण संसर्ग नसलेले २४० रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागलेले, आणि कोणाला काय लावलंय हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही माहीत नाही. २० आठवड्यांत हे ड्रेसिंग लावलेल्या गटात ४८ टक्के, तर दुसऱ्या गटात ३० टक्के जखमा बंद झाल्या. संसर्ग झालेल्या मधुमेही जखमांसाठी औषधयुक्त नॅनोतंतूंना अशाच तोलामोलाच्या चाचण्यांतून जावं लागेल.

मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शनात तर केवळ जखम भरावी म्हणून जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये असंच सुचवलं आहे.

प्रत्यक्षात मिळणारी काही उत्पादनं आहेत का?

आहेत. ‘रेस्ट्राटा’ हे इलेक्ट्रोस्पिनिंगने बनवलेलं, विरघळणारं कृत्रिम जाळं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी घेऊन मधुमेही जखमांसह इतर जखमांवर वापरलं जातं. त्यात औषध नाही, पेशींना आधार देणं एवढंच त्याचं काम. ‘स्पिनकेअर’ हे हातात धरायचं उपकरण जखमेवरच तंतूंचा थर फवारतं, आणि त्याचा वापर मुख्यतः भाजलेल्या जखमांवर झाला आहे. वेष्टनावर नुसता ‘नॅनो’ शब्द असला म्हणजे आत नॅनोतंतू असतीलच असं नाही. चांदीच्या नॅनोकणांचा लेप दिलेली साधी पट्टीही त्याच नावाने खपते.

औषधी ड्रेसिंग लावलं तर प्रतिजैविकाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन टाळता येतील का?

नाही. ड्रेसिंगमधलं औषध वरच्या थरापुरतं पोहोचतं. संसर्ग मांसात, स्नायूच्या आवरणात किंवा हाडात गेला असेल तर रक्तातून जाणारं औषधच लागतं. मऊ उतींच्या संसर्गासाठी बहुधा एक ते दोन आठवडे, हाडाचा संसर्ग शस्त्रक्रियेविना बरा करायचा असेल तर साधारण सहा आठवडे. उलट, संसर्गाची लक्षणं नसलेल्या जखमेला ‘खबरदारी म्हणून’ प्रतिजैविक देणंही चूक आहे.

ड्रेसिंगआधीची ती कामं कोणती?

रक्तपुरवठा तपासणं पहिलं. घोट्याचा रक्तदाब ५० मिलिमीटरपेक्षा (पाऱ्याच्या) किंवा पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब ३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे तातडीने जायला हवं. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने घोट्याचा दाब फसवा, जास्त दिसू शकतो, म्हणून अंगठ्याचाही दाब मोजून घ्यावा.

मग पू बाहेर काढणं आणि मेलेली उती, जखमेच्या कडेची जाड कातडी काढून टाकणं. जखमेच्या तळात बोथट सळईला हाड लागतंय का हे बघणं आणि एक्स-रे.

आणि पायावरचा भार काढणं. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. तळव्याच्या जखमेवर दिवसभरात हजारो वेळा शरीराचं वजन पडतं, आणि त्याखाली कोणतीही जाळी चिरडते. संसर्ग आणि रक्तपुरवठ्याची अडचण नसेल तर गुडघ्यापर्यंतचं, न काढता येणारं प्लास्टर किंवा बूट सर्वांत परिणामकारक ठरतं, कारण काढता येणारा बूट बहुतेक जण घरात काढूनच ठेवतात. संसर्ग असेल तर कोणता प्रकार वापरायचा ते डॉक्टर ठरवतील, पण भार काढायचाच.

कोणत्या जखमेवर हे ड्रेसिंग लावूच नये?

आत पू साठलेला असताना, हाडाच्या संसर्गावर उपचार सुरू नसताना, काळी कोरडी गँगरीन (रक्त न पोहोचल्याने मेलेली उती) असताना. कोरडी गँगरीन ओली करणं धोक्याचं आहे. कोलॅजन, जिलेटिन, चांदी किंवा भरलेल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही आधी सांगा.

डॉक्टरांना किंवा विक्रेत्याला काय विचारावं?

यात औषध आहे का, असेल तर कोणतं आणि किती दिवस सुटतं? माणसांवर चाचणी झाली आहे का, आणि ती संसर्ग झालेल्या जखमांवर की स्वच्छ जखमांवर? निर्जंतुकीकरण कशाने केलंय? हा शेवटचा प्रश्न फाजील नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे १२१ अंशांच्या वाफेत तंतूंचा गोळा होतो. गॅमा किरणांनी पीएलजीएच्या साखळ्या तुटतात, आणि वायूने निर्जंतुक केलं तर वायूचे अंश उरू नयेत म्हणून वेळ द्यावा लागतो. प्रामाणिक उत्पादकाकडे याचं उत्तर तयार असतं.

लावल्यावर काम होतंय की नाही हे कसं समजायचं?

दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी मोजा, त्याच अंतरावरून फोटो काढा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याने घटलं नाही, तर बारा आठवड्यांत जखम बंद होण्याची शक्यता बरीच कमी असते. तेव्हा ड्रेसिंग बदलण्याआधी रक्तपुरवठा, हाड आणि पायावरचा भार पुन्हा तपासायला सांगा. विरघळणारं जाळं जखमेत पिवळसर, जेलीसारखं दिसू शकतं. त्याला पू समजून ओरबाडू नका, आणि खरा पू असेल तर जाळं समजून सोडूही नका. शंका आली तर जखम दाखवा.

जखम भरली. आता निर्धास्त राहायचं का?

नाही. भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात आणि ६५ टक्के पाच वर्षांत पुन्हा उघडतात किंवा पायावर नवी जखम होते. रोज दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा, वाकता येत नसेल तर आरसा ठेवा किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगा. घरातही अनवाणी फिरू नका. जाड झालेली कातडी स्वतः ब्लेडने कापू नका. शक्य असेल तर दोन्ही पायांचं तापमान सारख्याच जागी रोज मोजा, आणि सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक आला, तर चालणं कमी करून पाय दाखवायला जा.